हिंमतरावांच्या दंडावरची तीन अक्षरं

आमच्यात गोंदत नाहीत. अल्लाहनं अंग दिलं तसंच परत करावं, त्यावर रेघोट्या मारू नयेत, असं अम्मी सांगायची. त्यामुळे माझ्या हातावर सुईची भोकं सोडली तर काही नाही, आणि ती भोकं धंद्याची आहेत. मी भूममध्ये ब्लाउज शिवते. बायका माप द्यायला येतात, बाही वर करतात आणि मला सगळं फुकटात बघायला मिळतं. कुणाच्या हनुवटीवर टिंब, कुणाच्या मनगटावर तुळस, आणि बऱ्याच जणींच्या हातावर नवऱ्याचं नाव. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही म्हणून हातावर लिहून ठेवायचं, ही युक्ती ज्या बाईनं पहिल्यांदा काढली ती फार हुशार असली पाहिजे.

माझी शेजारीण कडूबाई त्यातलीच. मतदार यादीवाले दारात येऊन नवऱ्याचं नाव विचारू लागले की ती बांगड्या मागे सारते आणि हात पुढे करते. घ्या वाचून. हातावर हिरव्या शाईत 'हिंमतराव' आहे. तिला स्वतःला वाचता येत नाही, पण त्यामुळे तिचं कधी काही अडलेलं मी पाहिलं नाही.

तिच्या नावाचंही सांगते. तिच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून आईबापांनी दृष्ट लागू नये असं नाव ठेवलं, आणि ही जगली. सासरी मात्र त्या नावाची कुणाला गरजच पडली नाही. सासू होती तोवर 'अगं ए' म्हणायची, नवरा 'ऐकलं का' म्हणतो, लेक आई म्हणते. तिची आणि माझी घरं एका भिंतीला टेकून आहेत. तिला कडूबाई म्हणून हाक मारणारी अख्ख्या गल्लीत मी एकटी.

पण ही गोष्ट तिच्या गोंदणाची नाही, तिच्या नवऱ्याच्या गोंदणाची आहे.

हिंमतराव म्हणजे दारातून वाकून आत येणारा माणूस. मिशा अशा की अनोळखी माणसानं पत्ता विचारायलाही बिचकावं. आता घरचं रान बघतात, पण पूर्वी ऊस वाहतुकीचा ट्रॅक्टर चालवायचे. हंगाम लागला की ढोकीकडे कारखान्यावर मुक्काम, घरी महिना-महिना फिरकायचे नाहीत. हर्षाली, त्यांची एकुलती एक लेक, नुकती शाळेत जायला लागली होती त्या सालची गोष्ट. त्या हंगामातून ते घरी आले तेव्हा डाव्या दंडावर तीन अक्षरं गोंदून आले. मराठी नाही, इंग्रजी नाही. काड्यापेटी सांडल्यावर काड्या एकमेकींवर पडाव्यात तशी, चौकोनी, किचकट. चिनी असावीत असं गल्लीतल्या शिकलेल्या पोरांनी ठरवलं आणि विषय संपवला.

कडूबाईचा विषय संपला नाही. त्या दिवशी ताट वाढताना तिनं विचारलं होतं, हे काय काढून आलात म्हणून. हिंमतराव म्हणाले, काय न्हाय, उगं आपलं. आणि अर्धी भाकरी मागितली. झालं. त्यावर त्या घरात पुन्हा कधी बोलणं निघालं नाही.

मला तिनं सांगितलं ते माप देताना. मी पाठीवर टेप धरला होता आणि ती भिंतीकडे बघत म्हणाली, मिनाज, ते कुणाचं तरी नाव हाय. मी हसण्यावारी नेलं, पण तिच्याकडे पुरावे होते. आंघोळीला बसले की तो दंड ते जपून चोळतात. थंडीत अंग फुटलं तर फुटू देतात, पण त्या अक्षरांना आठवणीनं खोबरेल लावतात. विचारात पडले की उजवा हात आपोआप तिथं जातो. शिवाय कारखान्याच्या रस्त्याला चहाचं हॉटेल चालवणारी एक बाई होती आणि तिच्याबद्दल ड्रायव्हरांच्या बायका कायकाय बोलायच्या. आणि सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे ती लिपी. ज्याच्या मनात पाप नाही तो माणूस मराठीत गोंदून घेईल. कुणालाच वाचता येऊ नये असं गोंदलंय, म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंयच. हे मला पटलं. मग तिनं मला माझ्या लेकीची, अलिजाची आण घातली, की हे कुणाला म्हणून सांगायचं नाही. मी कुणालाच सांगितलं नाही, माझ्या नवऱ्यालासुद्धा नाही.

सांगितलं नाही, पण राग काही पोटात मावत नव्हता. ईदला मी शीरखुर्मा करते आणि भिंतीपलीकडे डबा जातोच. त्यात हिंमतरावांची वाटी मी वेगळी भरायचे. काजू नाही, चारोळी नाही, खजुराचा एखादा तुकडा चुकून गेला तर गेला. आणि हा माणूस दर वर्षी भिंतीवरून डोकं काढून म्हणायचा, भाभी, लई झ्याक झालाय. त्यानं माझा राग अजूनच वाढायचा. एवढी चांगली बायको घरात, आणि दंडावर बघा कुणाला घेऊन फिरतोय.

कडूबाई कधी भांडली नाही. भाकरी वेळेवर, कपडे धुतलेले, सासूचं म्हातारपण काढलं. फक्त त्या सालापासून ती नवऱ्याशी कामापुरतं बोलते. हिंमतरावही मुळात कमी बोलणारे, त्यामुळे बाहेरच्याला काही कळायचं कारण नव्हतं. मला कळायचं. भिंतीला कान असतात म्हणतात, ते आमच्या भिंतीबद्दलच असावं.

तर यंदा हर्षालीचं लग्न ठरलं. ती पुण्यात नोकरी करते, खरेदीसाठी आठवड्याची रजा काढून आली होती. आल्या आल्या माझ्याकडे ब्लाउज टाकायला आली, मागून कडूबाई ज्वारीचं सूप घेऊन निवडत बसली. हर्षालीच्या हातात नवा फोन. मिनाजचाची, गंमत बघा, म्हणाली, आणि माझ्या भिंतीवरच्या उर्दू कॅलेंडरपुढं फोन धरला. तर त्या फोनवर सगळं मराठीत उमटलं. मला उर्दू येतं, तरी मी पोरीचं मन राखायला तोंडाचा आ केला. मग तिनं माझ्या शिलाई मशीनवरचं इंग्रजी वाचून दाखवलं, औषधाच्या बाटलीवरचं वाचून दाखवलं. म्हणाली, जगातली कुठलीही भाषा असू दे, समोर धरलं की झालं. आणि मग म्हणाली, आता बाबांच्या दंडावरचं वाचणार, येऊ देत त्यांना रानातून.

कडूबाईचे हात ज्वारीत थांबले. मी बघितलं. पोरीनं बघितलं नाही.

कडूबाईनं काय करावं, तर लेकीला उठवलं. आज बाजाराचा दिवस, बांगड्यांची दुकानं लागलीत, अलिजाला घेऊन जा, ऊन चढायच्या आत जा, असं करून दोघी पोरींना जवळजवळ दाराबाहेर काढलं. मग दार लोटून माझ्यासमोर बसली.

"मिनाज, तुझ्या फोनवर बी व्हतंय का ह्ये?"

होतं, म्हणाले.

"मग तू वाच. पोरीच्या आधी."

मी तिला परोपरीनं सांगितलं. एवढी वर्षं गेली, आता कशाला उकरायचं, झाकली मूठ सव्वा लाखाची. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"पोरीचं लगीन हाय," ती म्हणाली. "बापाच्या अंगावर दुसऱ्या बाईचं नाव हाय ह्ये तिला त्या फोननं सांगाया नको. आधी म्या ऐकते. तसं असलं तर तिला काय सांगायचं त्ये म्या बघीन. अन लगीन पार पडलं, हळद निघाली, की म्या तामलवाडीला जाईन भावाकडं. मग हितं न्हाय यायची."

तिच्या आवाजात रडू नव्हतं. हे सगळं तिनं कधीच बेतून ठेवलं होतं, आता फक्त कात्री चालवायची राहिली होती. भिंतीपलीकडे कडूबाई नाही, ही कल्पनाच मला करता येईना. मी फोन उचलला.

दुपारी हिंमतराव जेवून लिंबाखाली बाजेवर आडवे झाले, बनियनवर. मी त्यांच्या अंगणात चोरासारखी गेले. पहिला फोटो काढला तो माझ्याच अंगठ्याचा निघाला. दुसरा काढेपर्यंत त्यांनी कूस बदलली आणि दंड अंगाखाली गेला. मी बाजेला वळसा घालून पलीकडे गेले, तर पुन्हा कूस बदलली. दावणीची म्हैस रवंथ थांबवून माझ्याकडे बघत होती. या वयात परपुरुषाच्या बाजेभोवती फोन घेऊन फिरताना कुणी पाहिलं असतं तर मला तामलवाडीच्याही पुढं कुठंतरी जावं लागलं असतं. शेवटी त्यांनी हात डोक्याखाली घेतला आणि तिन्ही अक्षरं उन्हात आली.

घरी येऊन दार लावलं. कडूबाई मशीनच्या स्टुलावर बसली होती, पदर मुठीत धरून. हर्षालीनं दाखवलं होतं तसं मी केलं. फोननं थोडा विचार केला आणि मराठीत उमटवलं, 'विद्युत तांदूळ कुकर'.

मी डोळे पुसून पुन्हा वाचलं. पुन्हा फोटो लावला, पुन्हा तेच. भात शिजवायचा विजेचा कुकर. कुठल्या तरी परदेशी खोक्यावरून त्या गोंदणाऱ्यानं उतरवून काढलं असणार. मला हसू फुटलं, आणि समोर तिचा चेहरा बघून मी ते दाबायला गेले तर ते नाकातून बाहेर आलं.

"नीट वाच," कडूबाई म्हणाली.

नीटच वाचतेय म्हणाले. तिचा विश्वास बसेना. तिला वाटलं, मी तिची समजूत घालायला काहीतरी बनवून सांगतेय. मग मी फोनचं बोलायचं बटण दाबलं. आतल्या बाईनं अगदी सरकारी आवाजात सांगितलं, विद्युत तांदूळ कुकर. कडूबाईनं ते तीनदा ऐकलं. मग पदराची मूठ सुटली.

मला वाटलं, सुटलो. डोंगर पोखरून उंदीर निघाला, पण कसला गोड उंदीर. चहा टाकावा म्हणून मी उठलेही. पण कडूबाई हसत नव्हती. ती जमिनीकडे बघत बसली होती, आणि मला तिचा हा चेहरा माहिती आहे. ही बाई शाळेत गेली असती तर वकील झाली असती.

"मिनाज, ह्यांना तरी ठावं हाय का, ह्यो कुकर हाय?"

त्यांना कसं ठाऊक असणार, मी म्हणाले.

"मग ह्ये काय समजून जपत्यात? कुकरला कुणी खोबरेल लावतं व्हय?" ती थांबली. "लिवणाऱ्यानं काय लिवलं त्ये ऱ्हाऊ दे. ह्यांनी काय लिव म्हणून सांगितलं व्हतं, त्ये सांग."

हे त्या शहाण्या फोनलाही सांगता येणार नव्हतं. खरंच की. माणूस फसला असेल, पण सुई टोचून घेताना त्याच्या मनात कुणीतरी होतंच. म्हणजे आम्ही जिथं होतो तिथंच, तामलवाडीच्या वाटेवर. मग ती म्हणाली, तुझी आण म्या सोडवते, शब्बीरभावजींना इचार, हंगामात दोघं संगंच असायचे.

शब्बीर म्हणजे माझा नवरा. ट्रॅक्टरचा मेस्त्री. त्या वर्षांत कारखान्यावर ट्रॅक्टरांची दुरुस्ती करायला तोही मुक्कामालाच असायचा. आणि मी, एवढी बोलकी बाई, आणेपायी त्याला इतकी वर्षं साधा एक प्रश्न विचारू शकले नव्हते. त्या वेळी तो आमच्या दारापुढं एका ट्रॅक्टरखाली पडला होता, नुसते पाय बाहेर. मी पायांशीच बोलायला सुरुवात केली. घरी आम्ही दखनी बोलतो, इथं मराठीत सांगते. मी विचारलं, हिंमतभावजींनी दंडावर गोंदलं तेव्हा तुम्ही बरोबर होता का?

पाय हलायचे थांबले. मग खालून आवाज आला, ते त्याचं त्याला विचार.

म्हणजे याला माहिती होतं. माझं डोकंच फिरलं. मी कंबरेवर हात ठेवून त्या पायांना जे जे सुनावलं ते इथं लिहीत नाही. खालून एवढंच आलं, की त्याला शब्द दिलाय, मर्दानं शब्द मोडू नये. तेव्हा मी सांगून टाकलं, की तुमच्या त्या शब्दाच्या भिंतीआड एक बाई एवढी वर्षं जळतेय. तिला वाटतंय ते दुसऱ्या बाईचं नाव आहे आणि लेकीचं लग्न झालं की ती घर सोडून जाणार आहे.

ट्रॅक्टरखाली डोकं आपटल्याचा आवाज आला. शब्बीर सरपटत बाहेर आला, तोंडाला काळं ऑइल, आणि तिथंच मातीत बसून राहिला.

"बाईचंच नाव आहे," तो म्हणाला.

कुणाचं, मी विचारलं.

"कुणाचं म्हणजे? वहिनींचं."

मग त्यानं सांगितलं. त्या साली दोघं तुळजापूरच्या यात्रेत गेले होते. हिंमतराव देवीला, आणि शब्बीर आमचा मेवामिठाईला. तिथं एक गोंदणारा बसला होता, बॅटरीवर मशीन, मागे नमुन्यांचा फळा. एक नवी नवरी नवऱ्याचं नाव गोंदून घेत होती, सुई लागली की ओठ चावत होती, पण हात मागे घेत नव्हती. हिंमतराव ते बघत उभे राहिले ते हलेनात. शब्बीरनं ओढलं तर म्हणाले, शब्बीर, ती बी असंच रडली असंल का रं? माझं नाव हातावर घिऊन हिंडती ती जलमभर, अन म्या मोकळाच. आणि बाही वर करून गोंदणाऱ्यापुढं बसले.

बसले, पण तोंड उघडेना. बायकोचं नाव दंडावर घेऊन ड्रायव्हरांच्या अड्ड्यावर जायचं म्हणजे काय, हे त्यांना माहिती होतं. बाईलवेडा, बायकोचा बैल, काय काय म्हणाले असते. तो गोंदणारा अनुभवी असावा. त्यानं फळ्याच्या खालच्या ओळीकडे बोट केलं. म्हणाला, चिनीत काढून देतो, नाव तेच, पण कुणाच्या बापाला वाचता यायचं नाही. हिंमतरावांनी वाकून त्याच्या कानात नाव सांगितलं. त्यानं बोटानं एकेक अक्षर दाखवून दिलं. परत येताना शब्बीरच्या खांद्यावर हात ठेवून हिंमतराव म्हणाले होते, ह्ये तुझ्यात अन माझ्यात.

हे ऐकताना मी कधी शब्बीरच्या शेजारी मातीत बसले ते कळलं नाही. काखेत कळसा म्हणतात तो हा. एकाच घरात, एका ताटात जेवणारे आम्ही दोघं. तिचा प्रश्न माझ्याकडे, त्याचं उत्तर याच्याकडे, आणि दोघंही आपापला शब्द पाळतोय म्हणून छाती काढून फिरतोय. मला स्वतःचाच राग आला, आणि खरं सांगते, काजू नसलेल्या त्या सगळ्या वाट्या आठवून रडूही आलं.

मी लगेच कडूबाईकडे पळणार होते, पण शब्बीरनं माझा हात धरला.

"तू सांगू नको. तू सांगितलंस तर तिला वाटेल, मैत्रिणीनं फाटलेलं शिवून दिलं. त्याच्या तोंडातून येऊ दे."

हे मला पटलं. शब्बीरचं सगळंच पटत नाही, हे पटलं.

आम्ही दोघं पलीकडे गेलो तेव्हा ऊन उतरलं होतं. हिंमतराव बाजेवर बसून बशीत चहा ओतत होते. कडूबाई उंबऱ्यावर, पाठ चौकटीला. ती माझा चेहरा वाचायचा प्रयत्न करत होती आणि मी मुद्दाम म्हशीकडे बघत होते. शब्बीरनं आडवळण घेतलं नाही. म्हणाला, हिंमत, तुझ्या दंडावर दुसऱ्या बाईचं नाव आहे असं वहिनींना वाटतंय, आता तो शब्द राहू दे बाजूला आणि काय असेल ते सांग त्यांना.

हिंमतरावांनी बशी खाली ठेवली. चहा तसाच. बायकोकडे बघितलं.

"कवापासनं?"

"आलात त्या दिसापासनं," कडूबाई म्हणाली.

हिंमतरावांचा उजवा हात दंडावर गेला. एवढा मोठा देह, पण बाजेवर तो एकदम लहान दिसायला लागला. माझ्या मनात आलं, हा माणूस आता मागं मोजत जातोय. ती गप्प होती ते सगळे दिवस त्याला एकदम कळतायत.

"तुझं हाय त्ये," ते म्हणाले.

"माझं काय?"

त्यांनी शब्बीरकडे बघितलं. शब्बीरनं लिंबाच्या शेंड्याकडे बघितलं. मीही बघितलं. आम्ही दोघांनी त्या लिंबाचा शेंडा इतका नीट कधी पाहिला नव्हता.

"कडूबाई," हिंमतराव म्हणाले. मग जरा मोठ्यानं म्हणाले, "कडूबाई लिवलंय."

त्यांच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं, आणि तिनंही. तिनं पदर तोंडाशी नेला आणि तो बराच वेळ तिथंच राहिला.

"मग त्या दिशी सांगितलं का न्हाय?"

"आई बसली व्हती समोर."

"अन मागनं?"

"मागनं तू इचारलंच न्हाय," ते म्हणाले. "म्हटलं, हिला आवडलं नसंल. मग ऱ्हायलं त्ये ऱ्हायलंच."

कडूबाई त्यांच्याकडे बघत राहिली. तिचा विश्वास बसला होता, मला तिच्या खांद्यांवरून कळत होतं. मी रोज खांदे मापते. पण हिंमतरावांना ते कळेना. त्यांना तिची शांतता पुन्हा संशयाचीच वाटली, आणि त्यांनी ते केलं ज्याची मला स्वप्नातही भीती वाटली नव्हती.

"खोटं वाटतंय व्हय? पोरीला यिऊ दे. तिचा नवा फोन कुठलंबी वाचतोय म्हणं, तीच सांगत व्हती परवा. लाव फोन. तीन अक्षरं हायेत, समद्यांदेखत वाचू दे. दुसरं काय निघालं तर ह्या घरात पाय ठिवायचा न्हाय म्या."

त्या बिचाऱ्याच्या हे ध्यानीमनीही नव्हतं. इतकी वर्षं त्यानं जे खोबरेल लावून जपलं ते काय आहे, हे त्या अंगणात फक्त दोघींना माहिती होतं. शब्बीरलाही मी सांगितलं नव्हतं, सांगायला वेळच कुठं झाला. आणि अल्लाहची काय करणी, त्याच वेळी फाटक वाजलं आणि बांगड्यांच्या पिशव्या घेऊन हर्षाली आणि अलिजा आत आल्या. शेवटचं वाक्य पोरीच्या कानावर पडलं होतं. ती खूश झाली. पिशव्या तिथंच ओट्यावर ठेवल्या, फोन काढला आणि म्हणाली, हो बाबा, मी सकाळपासून तेच म्हणतेय, थांबा, हात उजेडात धरा.

हिंमतरावांनी दंड वळवला. पूर्ण, उतरत्या उन्हाकडे. त्या माणसाच्या चेहऱ्यावर इतका भरवसा होता, की मला बघवेना. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण मला शिलाईशिवाय काही सुचत नाही.

कडूबाई उंबऱ्यावरून उठली. चालत आली ती लेकीच्या आणि बाजेच्या मधे येऊन उभी राहिली.

"ठिव त्यो फोन," ती म्हणाली.

हर्षाली म्हणाली, अगं एक मिनिटात होतं, बाबाच म्हणतायत.

"ठिव म्हटलं ना. माझं नाव हाय, म्या वाचते."

ती बाजेपाशी उकिडवी बसली. नवऱ्याचा दंड तिनं डाव्या हातानं खालून धरला, आणि उजव्या हाताचं बोट पहिल्या अक्षरावर ठेवलं. लहान पोर पाटीवर गिरवतं तसं ते बोट त्या काड्यांवरून हळू फिरलं.

"ह्ये क," ती म्हणाली. बोट पुढं सरकलं. "ह्ये डू. अन ह्ये बाई."

हिंमतराव मान वाकडी करून तिच्या बोटाकडे बघत होते. त्यांनी मान हलवली.

"बराबर," ते म्हणाले. "त्यानं बी असंच दावलं व्हतं."

शब्बीर घसा खाकरून म्हशीला पाणी दाखवायला निघून गेला. मी रडत होते आणि लपवत नव्हते. हर्षालीच्या हातातला फोन खाली आला होता. ती आईकडे बघत म्हणाली, "आई, तुला कुठं वाचता येतं?"

"एवढंच येतंय," कडूबाई म्हणाली, आणि बोट तिथून काढलं नाही.